पेवात कंदील सोडताना: टायटल्समधल्या अक्षरांना वजन कसं द्यायचं

प्रश्न थोडक्यात असा: तासगावकडचा एक मुलगा सांगलीत लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. मित्रांना घेऊन त्याने सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांवर, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांवर, १८ मिनिटांची शॉर्टफिल्म केली आहे, नाव ‘पेव’. तिची ७० सेकंदांची टायटल्स त्याने आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये, विकतचं टेम्प्लेट घेऊन केली. ज्यांना दाखवली ते म्हणाले, “भारी झालंय, पण आपल्या फिल्मचं वाटत नाही.” त्याचं म्हणणं: “ताई, ॲनिमेशनची बारा तत्त्वं पाठ आहेत. इझी ईज, म्हणजे हालचाल हळू सुरू करून हळू थांबवणारी कळ, सगळीकडे लावलंय. तरी चुकतंय कुठे?”

तुझी क्लिप तीनदा बघितली. एकदा आवाजासकट, एकदा आवाज बंद करून, आणि एकदा फ्रेम फ्रेम पुढे ढकलत. राग मानू नकोस, पण फिल्म एका पेवाची आहे आणि टायटल्समध्ये इफेक्टांचं पेव फुटलंय. ‘पे’ डावीकडून गरगरत येतो, ‘व’ उजवीकडून येतो, दोघं धडकतात, मधे लख्ख प्रकाश पडतो. नंतर बावीस नावं बावीस तऱ्हांनी येतात. एक दारासारखं उघडतं, एक धुरातून निघतं, ध्वनिमुद्रणवाल्याचं नाव तर चेंडूसारखं दोनदा उसळतं. प्रत्येक हालचाल सुटी बघितली तर बरी आहे. कमी आहे ती वजनाची. तुझी अक्षरं कशाची बनली आहेत, लोखंडाची, कागदाची, धुळीची की उजेडाची, हे तू ठरवलेलंच नाहीस. मग ती कशीही हलतात.

बारा तत्त्वांचं म्हणशील तर फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या डिस्नेच्या दोन जुन्या ॲनिमेटरांनी १९८१ सालच्या पुस्तकात ती मांडली. ती त्यांनी पात्रांसाठी लिहिली, उंदीर, हरणं, बुटके यांच्यासाठी. टायटल्सना त्यातली सगळी लागत नाहीत. तू ती बाराच्या बारा प्रत्येक नावाला लावायला गेलास, तिथेच घोळ झाला. माझ्या रोजच्या कामात चार-पाचच येतात, आणि त्या चार-पाचांच्या तळाशी पुन्हा तीच एक गोष्ट असते: ही वस्तू किती जड आहे आणि ती कशाला टेकलेली आहे?

‘टेकलेली’ म्हणाले खरी, पण मराठीत तो शब्द चुकतो.

माझे अण्णा मिरजेत पाट्या रंगवायचे. नवी पाटी घेतली की आधी खडूची पूड चोळलेली दोरी. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या, आणि मधोमध टिचकी. फळीवर सरळ पांढरी रेघ उमटायची. पाटी इंग्रजी असली की ही रेघ अक्षरांच्या पायाशी मारायची, मराठी असली की डोक्याशी. लहानपणी त्यात काही विशेष वाटलं नाही. पुढे मुंबईत मोशनचं, म्हणजे पडद्यावर अक्षरं-चित्रं हलवायचं, काम शिकताना सगळी उदाहरणं रोमन अक्षरांची होती, आणि तेच मराठी नावांना लावलं की काहीतरी खटकायचं. दोन-तीन वर्षांनी ती दोरी आठवली. रोमन अक्षरं जमिनीवर उभी असतात. आपली अक्षरं शिरोरेषेला लटकलेली असतात, दांडीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी.

हे कळलं की निम्मी कामं आपोआप सुटतात. उभी वस्तू धक्का लागला की पडते, लटकलेली वस्तू झुलते. उभ्या अक्षराचा अँकर पॉइंट, म्हणजे ज्या बिंदूभोवती ते फिरतं तो, पायाशी ठेवायचा, आपल्या अक्षराचा शिरोरेषेवर. सॉफ्टवेअर तुला तो खालच्या रेघेवर देतं किंवा तू मधोमध आणून ठेवतोस, आणि त्या ठिकाणाभोवती मराठी अक्षर फिरवलं की ते पंख्याच्या पात्यासारखं दिसतं. अँकर वर नेऊन अक्षर फक्त चार अंश हलवून बघ. तेच अक्षर एकदम खिळ्याला अडकवलेली पाटी होतं.

आता तुझ्या फिल्मचं नाव बघ. ‘पेव’. वर आडवी रेघ, तिच्याखाली दोन अक्षरं. रेघेला जमीन समज. तिच्या वर फक्त एक मात्रा आहे, बाकी सगळं जमिनीखाली. अरे, तुझं टायटल आधीच काढून ठेवलंय कुणीतरी! पेव म्हणजे जमिनीत खोल खोदलेला, वर अरुंद तोंड असलेला खड्डा, आणि नावात तेच चित्र. गरगर फिरवायची गरजच नव्हती.

तुझ्या फिल्ममधला पहिलाच प्रसंग मला सगळ्यात आवडला. पेवाचं तोंड उघडतात आणि माणूस उतरण्याआधी आत पेटता कंदील सोडतात. दिवा नीट जळत राहिला तर आतली हवा बरी, मगच माणूस खाली जाणार. टायटल्स याच्यावर कर. खाली जे काही सांगतेय ते याच कंदिलाला धरून सांगते, म्हणजे तत्त्वं हवेत राहणार नाहीत.

लोंबकळणाऱ्या वस्तूच्या झोक्याला किती वेळ लागतो, हे दोरीच्या लांबीवर ठरतं. वस्तू किती जड आहे किंवा झोका किती मोठा आहे, याने फरक जवळजवळ पडत नाही. दोरी पाव मीटर असेल तर जाऊन परत यायला १ सेकंद लागतो. १ मीटर असेल तर २ सेकंद, ४ मीटर असेल तर ४ सेकंद. तू सेकंदाला २५ फ्रेमवर काम करतोस, म्हणजे २५, ५० आणि १०० फ्रेम. आता कंदील खाली सोडायला लागलास की दोरी लांबत जाते आणि झोका संथ होत जातो. पडद्यावर खड्डा दाखवूच नकोस. काळा पडदा, वर एक रेघ, तिच्यातून उतरणारा एक पिवळा ठिपका. सुरुवातीला सेकंदाला एक झोका, मग दोन सेकंदांना, मग चार सेकंदांना. बघणाऱ्याला गणित येत नसतं, पण विहिरीत बादली सोडलेली असते. खोली त्याला अंगाला जाणवते. टायमिंग टायमिंग म्हणतात ते हेच. वस्तू केवढी आहे आणि किती लांब आहे, हे तिला लागणारा वेळ सांगतो.

झोका विरतानाची एक चूक नवशिके हमखास करतात. तुझ्या क्लिपमध्येही आहे, निर्मात्याच्या नावापाशी. झोका दहा अंशांवरून सातवर, सातवरून पाचवर असा कमी होत जातो, ते बरोबर. पण तू त्याबरोबर वेळही कमी केलास, म्हणून ते नाव शेवटी थंडी वाजल्यासारखं कुडकुडतं. दोरी तेवढीच असेल तर वेळ तेवढाच राहतो. कोन कमी होतो, फ्रेम तितक्याच.

पडण्याचंही असंच. हातातून सुटलेली वस्तू साधारण पाऊण मीटर, म्हणजे टेबलावरून फरशीपर्यंत, १० फ्रेममध्ये पडते. पण पहिल्या ५ फ्रेममध्ये ती जेमतेम २० सेंटिमीटर जाते आणि उरलेलं जवळजवळ ५९ सेंटिमीटर पुढच्या ५ फ्रेममध्ये. तुझा इझी ईज दोन्ही टोकांना सारखाच लागतो, त्यामुळे पडणारी वस्तू जमिनीजवळ येऊन हळू होते. लिफ्ट येते तशी. खाली पडणाऱ्या गोष्टीला खालच्या टोकाला ईज नसतोच. ती वेगाने आदळते, तिथे की-फ्रेम, म्हणजे हालचालीची जागा पक्की करणारी खूण, टोकदार हवी.

यावरून एक सुचतंय, पटलं तर घे. तुझं पेव वीसेक फूट खोल आहे, म्हणजे सहा मीटर धर. सहा मीटर पडायला २८ फ्रेम लागतात. टायटल्सची सुरुवात काळ्या पडद्याने कर. वरच्या रेघेपाशी एक हळकुंड सुटतं, रेघेखालच्या अंधारात दिसेनासं होतं. मग २८ फ्रेम काहीच नाही. आणि मग खालून ‘टक्’. बस्स. तुझ्या सगळ्या धुरा-प्रकाशापेक्षा हे जास्त काम करेल, आणि खर्च एका हळकुंडाचा.

ईजबद्दल अजून थोडं, कारण इझी ईज लावला की झालं असा तुझा समज दिसतो. ती कळ दाबल्यावर दोन्ही बाजूंना ३३ टक्क्यांचा ठराविक प्रभाव लागतो, म्हणजे वेग किती लांबपर्यंत हळूहळू बदलायचा त्याचं माप. तो ना इकडचा ना तिकडचा. सगळ्या जगाचं काम एकसारखं दिसतं ते त्याच्यामुळे. श्रावणात कृष्णेवर होड्यांच्या शर्यती बघितल्या असशील. शर्यत संपून होडी काठाला येताना वल्ही उचलतात, तरी होडी सरकत राहते. बराच वेळ, हळूहळू, आणि शेवटी तर थांबली की सरकतेय तेच कळत नाही. जड वस्तू थांबते ती अशी. ग्राफ एडिटर उघड, शेवटच्या की-फ्रेमचा प्रभाव ७५-८० टक्क्यांपर्यंत ओढ आणि सुटतानाचा वीसच्या आसपास ठेव. वेगाचा आलेख डावीकडे चढ आणि उजवीकडे लांबलचक उतार असा दिसेल. कागदाचा कपटा मात्र असा थांबत नाही, तो येतो आणि चिकटतो. म्हणून म्हणतेय, आधी पदार्थ ठरव, मग आलेख.

स्क्वॉश-स्ट्रेच, म्हणजे दबणं-ताणणं, त्यासाठी चेंडू उसळवत बसू नकोस. डिस्नेकडे नव्या मुलांना अर्धवट भरलेल्या पिठाच्या पोत्याची चित्रं काढायला लावत. आणि तुझ्याकडे तर सांगलीचं मार्केट यार्ड आहे! सकाळी जाऊन हळदीचं पोतं थप्पीवर टाकताना हमाल बघ. पोतं उचलताना मधे लोंबतं, लांब होतं. आपटलं की बसतं, आणि बसताना बाजूंनी फुगतं. आतला माल कमी-जास्त होत नाही, म्हणून उंची गेली की रुंदी वाढते. आकारमान तेवढंच ठेवायचं हा त्यातला मुद्दा. तू उंची ८० टक्के केलीस आणि रुंदी शंभरच ठेवलीस, म्हणून तुझं नाव दबलं नाही, आक्रसलं. आणि मुळात ध्वनिमुद्रकाचं नाव पोत्यासारखं दबायचं कारण काय? लाकडी पाटी दबत नाही. तुझ्या टायटल्समध्ये हे तत्त्व लागलंच तर एका जागी लागेल, कुठे ते तू शोध.

त्याच हमालाकडून अँटिसिपेशनही शिकून घे. पोतं पाठीवर घेण्याआधी तो गुडघ्यात वाकतो. पैलवान भिडण्याआधी शड्डू ठोकतो, तेच. हालचालीच्या आधी उलट दिशेची छोटी हालचाल आली की डोळा तिकडे वळतो. नाव वर जाणार असेल तर आधी ३-४ फ्रेम किंचित खाली. पण प्रत्येक नावाला हे करायला गेलास तर सगळा कर्मचारीवर्ग शड्डू ठोकतोय असं दिसेल. मुख्य शीर्षकाला एकदा, पुरे.

फॉलो-थ्रू आणि ओव्हरलॅप तुला कंदिलात फुकट मिळतात. दोरी थांबली तरी कंदील थोडा पुढे जातो, कंदील थांबला तरी आतली ज्योत हलत राहते. तिघांच्या की-फ्रेम एकाच जागी ठेवू नकोस, प्रत्येकीत ४-५ फ्रेमचं अंतर ठेव. अक्षरांनाही तसंच. रेघ आधी थांबते, ‘पे’ नंतर, ‘व’ त्याच्यानंतर, आणि ‘पे’वरची मात्रा सगळ्यात शेवटी, कारण ती वर सुटी आहे. ती शेवटी किंचित थरथरली तर टायटल जिवंत होतं. अशा बारक्या गोष्टीत मी अर्धा अर्धा दिवस घालवते आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. काढून टाकलं की मात्र लोक म्हणतात, “आधीचं बरं होतं, का ते सांगता येत नाही.”

आता देवनागरीच्या तांत्रिक कटकटी. यावर मराठीत फार कुणी लिहीत नाही, म्हणून जरा थांबते.

टाइपरायटर इफेक्ट, म्हणजे एकेक अक्षर उमटत जाणं, तू दिग्दर्शकाच्या नावाला लावलंस. तिथे ‘दि’ची वेलांटी नंतर उडी मारून ‘द’च्या आधी येऊन बसते आणि सगळी ओळ उजवीकडे सरकते. संगणकासाठी वेलांटी ‘द’च्या नंतर येते, डोळ्यासाठी आधी. ‘स्त्री’ हे आपल्याला एक अक्षर आहे, संगणकात ते सहा तुकड्यांचं आहे. टेक्स्ट ॲनिमेटर, म्हणजे अक्षरं हलवणारी सॉफ्टवेअरमधली सोय, त्या तुकड्यांवर चालतो आणि जोडाक्षरं फोडतो. प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली दक्षिण आशियाई लिप्यांचं टेक्स्ट इंजिन असतं, ते चालू कर म्हणजे निदान अक्षरं मोडणार नाहीत. पण हालचालीसाठी माझा त्याच्यावर भरवसा नाही. मी नाव शेप लेअरमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांच्या थरात, बदलून घेते आणि हाताने अक्षरागणिक तुकडे करते. ‘दि’ एक, ‘ग्द’ एक, ‘र्श’ एक, ‘क’ एक. वेळ जातो. पण लिहिताना आपण जसे तोडतो तसेच तुकडे हलतात, त्यामुळे वाचायला त्रास होत नाही.

शिरोरेषा वेगळ्या लेअरवर ठेव. अक्षरांच्या डोक्यावरची रेघ कापून टाक आणि एक सलग रेघ स्वतः काढ. मग रेघ आधी ओढली जाते, अण्णांच्या दोरीसारखी, आणि तिच्याखाली अक्षरं एकेक करून लटकतात. मराठी टायटलची याहून सोपी आणि हमखास चालणारी सुरुवात मला माहीत नाही.

इंग्रजी टायटल्समध्ये अक्षरं हळूहळू एकमेकांपासून लांब सरकत जातात, ते तुला आवडलेलं दिसतं. देवनागरीत ते करू नकोस. अंतर वाढलं की शिरोरेषेला भेगा पडतात आणि नाव दात पडल्यासारखं दिसतं. तोच संथ श्वास हवा असेल तर पूर्ण नाव १०० वरून १०३ टक्क्यांपर्यंत तीन सेकंदांत मोठं कर. डोळ्याला कळत नाही, पण पडदा मेलेला वाटत नाही.

फॉन्टचं म्हणशील तर टेम्प्लेटबरोबर आलेला बारीक फॉन्ट काढून टाक. हळदीच्या पोत्यांवर पत्र्याच्या साच्यातून मार्का मारतात, रंगाचा ब्रश थोपटून. तशी अक्षरं स्वतः कापून घे. जाड कागद, ब्लेड आणि जुनं गोणपाट. मार्का मारलेल्या अक्षराच्या कडा थोड्या फुटतात, रंग कुठे जास्त बसतो कुठे कमी. चार वेळा मारून चार फोटो काढ आणि ते दोन-दोन फ्रेम धरून आलटून पालटून लाव. सेकंदाला १२ चित्रांचा तो जुना हाताने केल्याचा थरथराट मिळेल. आपल्याकडे हे काही नवं नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास आगकाड्या एकेक फ्रेमला सरकवून फिल्म केली होती. त्यांच्याकडे आगकाड्या होत्या, तुझ्याकडे हळकुंडं आहेत.

आता मांडणी, म्हणजे स्टेजिंग. एका वेळी एकच गोष्ट हलली पाहिजे. तुझ्याकडे नाव येतं तेव्हा मागचा धूर हलतो, कॅमेरा हलतो आणि उजेडही फिरतो. नाव थांबल्यावर बाकीचं हलू दे हवं तर, पण कमी. आणि नजर कुठे आहे ते बघ. आधीचं नाव डावीकडे खाली संपलं आणि पुढचं उजवीकडे वर आलं, तर प्रेक्षकाचा पाव सेकंद शोधण्यात जातो. तुझ्या टायटल्समध्ये नजर आपोआप कंदिलाच्या मागे जाणार आहे. मग नावं कंदिलाच्या उजेडात येऊ देत. तो झुलत जवळ आला की नाव उजळतं, लांब गेला की विझतं. नाव स्वतः हलतच नाही! हलतो तो उजेड. ४ सेकंदांचा झोका असेल तर एका झोक्याला एक नाव अगदी मापात बसतं.

वाचायच्या वेळेचा हिशेबही करून दाखवते. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि त्याच्या डोक्यावर ‘रंगभूषा व वेशभूषा’. हे मनातल्या मनात सावकाश दोनदा वाचून व्हावं इतकं थांबलं पाहिजे. माझं माप ७५ फ्रेमचं: १२ यायला, ५५ थांबायला, ८ जायला. जायला वेळ लावू नकोस, वाचून झालेल्या गोष्टीत कुणाला रस नसतो. आता तुझी बावीस नावं गुणिले ३ सेकंद म्हणजे ६६. सत्तरातले ६६ गेले, ‘पेव’ला उरले ४. म्हणून ते बिचारं धडपडत येतं आणि जातं. सुरुवातीला सहाच नावं ठेव, बाकीची शेवटी. सहा नावांना कंदिलाच्या झोक्याने २४ सेकंद, ‘पेव’ला १२, आणि हळकुंडाला व अंधाराला ५-६. चाळीसच्या थोडं वर जाशील. मित्र नाराज होतील, त्यांना शेवटी मोठ्या अक्षरांत टाक.

टायटल्स कशाला असतात यावर तू काही विचारलं नाहीस, पण बावीस तऱ्हा तिथूनच येतात. तू त्यांना फिल्मच्या आधीची जाहिरात समजतोस. सांगलीत राहून असं समजू नकोस. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथे सीतास्वयंवर केलं. त्यांच्या खेळात सूत्रधार मंगलाचरण म्हणायचा, गणपती यायचा, मोरावरची सरस्वती नाचून जायची, मग आख्यान. तेवढ्या वेळात बाहेरून आलेला माणूस आत येऊन बसायचा, नुसता अंगाने नाही, मनाने. टायटल्सचं काम ते. लोकांना हरिपूरच्या त्या अंधारात नेऊन बसवायचं.

अमेरिकेत सॉल बास यांनी १९५० च्या दशकात नामावलीला हे वळण दिलं. १९५५ च्या ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’मध्ये काळ्या पडद्यावर फक्त पांढऱ्या पट्ट्या येतात-जातात, आणि शेवटी त्यांचा वेडावाकडा हात होतो. सिनेमा व्यसनात अडकलेल्या माणसाचा आहे. १९६० च्या ‘सायको’मध्ये पट्ट्या सरळ रेषेत धावतात आणि नावं चिरली जातात, सरकतात, पुन्हा जुळतात. दोन्हीकडे हालचालीची तऱ्हा एकच आणि ती शेवटपर्यंत पाळलेली. मोबाईलवर ही दोन्ही बघ, आवाज बंद करून. किती कमी हलतंय ते मोज.

आवाजाचं थोडक्यात. प्रत्येक ठोक्यावर काहीतरी आपटायचा मोह आवर. मिरजेच्या गवयांना ऐकलंस ना? सोळा मात्रांत मनसोक्त फिरतात, पण समेवर येतात तेव्हा सगळी मैफल मान डोलावते. तुझ्या चाळीस सेकंदांत समेच्या जागा दोन-तीनच असू देत. हळकुंडाचा ‘टक्’ पहिली, ‘पेव’ पूर्ण झाल्याची दुसरी. आणि चित्राचा ठोका आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी ठेव. नेमका जुळवलेला ठोका मला नेहमी उशिरा आल्यासारखा वाटतो.

मोशन ब्लर, म्हणजे हलत्या वस्तूचा धूसरपणा, लावणार असशील तर त्याचं माप, शटर अँगल, १८० ठेव. तू कॅमेऱ्यावर १/५० शटरने शूट केलंयस, दोन्ही जुळतील. नावं कडेपासून आत घे: १९२० बाय १०८० च्या फ्रेममध्ये डावी-उजवीकडे ९६ आणि वर-खाली ५४ पिक्सेल मोकळे. हे मी धडा घेऊन सांगतेय. माझं पहिलं मालिकेचं काम टीव्हीवर लागलं तेव्हा आत्याकडे सगळं घर जमलं होतं. जुना फुगीर टीव्ही, त्याने चारी कडा खाल्ल्या. माझं आडनाव अर्धंच दिसलं. आत्या म्हणाली, “लग्नाआधीच आडनाव कापलं की गं!”

सध्या आफ्टर इफेक्ट्स बंदच ठेव. घरी जिना असेल तर वरून दोरीला कंदील बांधून सोड, कंदील नसला तर टॉर्च. दोरीवर दर मीटरला गाठ मार, म्हणजे किती लांबी सुटली ते कळेल. लाइट घालव, मोबाईल खाली कोपऱ्यात टेकवून २५ फ्रेमवर शूट कर. हात थरथरला तरी चालेल, पेवावरच्या माणसाचाही थरथरत असेलच. ती क्लिप आणि गोणपाटावर मार्का मारलेल्या ‘पेव’चे चार फोटो पाठव. २००५ च्या महापुरात हरिपूरच्या कितीतरी पेवांत पाणी शिरलं, त्याचा एक शॉट तुझ्या शेवटच्या भागात आहे. तिथे तीच शिरोरेषा पाण्याची पातळी म्हणून पुन्हा आणता येईल का, ते क्लिप बघून सांगते.